कमरेला रिव्हॉल्व्हर, पण गोळ्या किती?

इतवारीकर:
मंडळी, थेट विचारतो. नागपूरच्या इतवारीत आमचं सराफीचं दुकान आहे. आजोबांनी घेतलेलं .32 चं विलायती रिव्हॉल्व्हर बाबांकडे होतं. बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर वारस म्हणून अर्ज केला आणि आता ते माझ्या परवान्यावर आलंय. पोलिस आयुक्तालयाचे सोपस्कार, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं रीतसर आहे. गोळ्या भरायचं सिलिंडर सहा घरांचं.

बाबा आयुष्यभर पाचच गोळ्या भरत आले. एक घर रिकामं आणि खिशात एकही नाही. मेहुण्याचं म्हणणं उलटं: "सहा भर, वरून बारा पट्ट्यात ठेव, आजकाल चोर चौघं-चौघं येतात." रात्री माल घेऊन दुकानातून निघताना, आणि अधूनमधून छिंदवाड्याकडे जाताना, अंगावर नेमकी किती काडतुसं असावीत? ज्यांच्याकडे परवाना आहे किंवा ज्यांनी हे हत्यार चालवलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

'बंदूक ठेवूच नका' हा सल्ला कृपया देऊ नये. तो बायको रोज देते.

तर्रीपोहा:
पहिला! भाऊ, माझ्याकडे फक्त चमचा आहे, तोही एकच बाळगतो. पॉपकॉर्न घेऊन बसलो. या धाग्याचं काश्मीर होणार हे लिहून ठेवा.

मेहुणा_विरोधी_मंच:
मेहुण्याचा सल्ला आहे ना? मग उत्तर आपोआप 'नाही' आलं.

कामठीकर:
पलटणीत नोकरी झाली, आता कामठीला स्थायिक. आधी पाच की सहा ते सांगतो, कारण तुमच्या वडिलांचं वागणं कंजुषीचं नव्हतं.

जुन्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरांत हॅमरच्या, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या हातोडीच्या, टोकालाच पिन असते. हॅमर खाली असला की ती पिन समोरच्या घरातल्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे मार बसला की ठिणगी पडते त्या जागी, टेकून राहते. रिव्हॉल्व्हर फरशीवर हॅमरच्या बाजूने पडलं तर ट्रिगरला हात न लावता गोळी सुटू शकते. म्हणून जुने लोक हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचे. ट्रिगर ओढला की सिलिंडर फिरतं आणि पुढचं घर समोर येतं, त्यामुळे पहिल्याच दाबाला गोळी जाते. रिकाम्या घराने वेळ वाया जात नाही. पुढे हॅमर ब्लॉक, ट्रान्सफर बार वगैरे आले. ट्रिगर पूर्ण ओढल्याशिवाय हॅमरचा मार पिनपर्यंत पोचतच नाही. तुमच्या हत्यारात यातलं काही असेल तर सहा भरा, नसेल तर वडील बरोबर आहेत.

आता वरच्या गोळ्या. सिलिंडर उघडा, रिकामी टरफलं काढा, थरथरत्या बोटांनी एकेक काडतूस भरा, बंद करा. रेंजवर, दिवसाउजेडी, कोणी मागे लागलेलं नसताना हे करून बघा आणि घड्याळ लावा. मग मेहुण्याच्या बाराचं काय करायचं ते ठरवा. फौजेत आम्ही मॅगझिनं, म्हणजे गोळ्या आधीच भरलेल्या डब्या, न्यायचो, कारण बाजूला कव्हर फायर देणारे असायचे. सराफा ओळीत तुम्हाला कव्हर कोण देणार, शेजारचा चिवडेवाला?

तर्रीपोहा:
चिवडेवाल्याला कमी समजू नका. त्याच्या झाऱ्याचा पल्ला तुम्हाला माहीत नाही.

टेक्सासचा_वऱ्हाडी:
मूळ गाव काटोल, सध्या ह्यूस्टन. या एका प्रश्नावर इथले लोक अख्खी दुपार वाद घालू शकतात, म्हणून राहवलं नाही.

इथे दोन घराणी आहेत. पहिलं म्हणतं, खिशात मावणारं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर पुरे. त्यांचं सूत्र 'तीन-तीन-तीन': तीन यार्डांचं अंतर, तीन सेकंद, तीन गोळ्या. दुसरं घराणं पंधरा गोळ्यांचं पिस्तूल आणि वर एक जादा मॅगझिन घेतल्याशिवाय किराणा आणायलाही जात नाही. त्यांचा एक मुद्दा मला पटतो. जादा मॅगझिन हे गोळ्या संपतील म्हणून नसून पिस्तूल अडकलं तर उपयोगी पडतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बिघाडाचं मूळ बऱ्याचदा मॅगझिनच असतं. ते काढून टाकायचं आणि दुसरं ठोकायचं. रिव्हॉल्व्हरला ही भानगड नाही, एक गोळी मिस झाली तर ट्रिगर पुन्हा ओढा.

तरीही आकड्याकडे बघाच. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा रँड संस्थेने अभ्यास केला होता, 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. समोरून गोळीबार होत असताना नेम लागण्याचं प्रमाण सुमारे 18 टक्के, आणि समोरचा गोळ्या झाडत नसेल तर सुमारे 30. हे पगारी, प्रशिक्षित पोलीस. त्या हिशोबाने सहा गोळ्यांत एक लागली तर नशीब, आणि पाचात तीही नाही. म्हणून मी मेहुण्याला सरसकट वेड्यात काढणार नाही. 1986 च्या एप्रिलमध्ये मायामीत एफबीआयच्या आठ एजंटांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. बहुतेकांकडे रिव्हॉल्व्हर होती, आणि एकाच्या हाताला गोळी लागल्यावर त्याला आपलं रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता येईना. त्यानंतर एफबीआय पिस्तुलांकडे वळली.

कामठीकर:
@टेक्सासचा_वऱ्हाडी, मायामीचा धडा अर्धाच सांगितलात. एफबीआयने त्यावर जो काथ्याकूट केला तो मुख्यतः गोळीच्या भेदकतेवर होता. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. त्यातूनच त्यांनी आधी 10 मिमी आणि मग .40 या जाड गोळ्यांचा नाद धरला. संख्या हा मुद्दा होता, पण दुय्यम.

आणि 18 टक्क्यांचं म्हणाल, तर सहातली एक लागली हे ठीक. उरलेल्या पाच कुठे गेल्या? न्यूयॉर्कचं न्यूयॉर्क बघेल, मी इतवारीचं विचारतोय. संध्याकाळी सातला तिथे सायकल उभी करायला जागा नसते.

खामगावची_सून:
+1 शेवटच्या परिच्छेदाला. सगळेजण आपल्याकडे किती हव्यात तेच मोजताहेत.

टेक्सासचा_वऱ्हाडी:
मान्य आहे काका. इथलीच एक गंमत सांगतो. न्यूयॉर्क राज्याने 2013 मध्ये कायदा केला की मॅगझिन दहाचं चालेल, पण त्यात भरायच्या सातच. म्हणजे चोराने घरात शिरण्यापूर्वी तुम्ही मोजून तीन काढून ठेवायच्या. कोर्टाने तो सातचा नियम उडवला, दहाची मर्यादा तेवढी टिकली. टेक्सासात असली काही मर्यादा नाही, आणि 2021 च्या सप्टेंबरपासून बहुतेक प्रौढांना झाकून बाळगायला परवानाही लागत नाही. त्यामुळे इथला सल्ला नागपुरात जसाच्या तसा लावू नका हे मीच सांगतो.

कोर्टकचेरी:
सिव्हिल लाइन्समध्ये फौजदारी वकिली करतो. चर्चा रंगलीय, पण एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही: परवाना काढून वाचा.

त्यावर काडतुसांचे दोन आकडे असतात. एका वेळी जास्तीत जास्त किती बाळगता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील. हे आकडे माणसागणिक वेगळे असतात. पहिला आकडा घर, दुकान, खिसा सगळं मिळून असतो. मेहुण्याने 'असू दे' म्हणून आपल्याकडची चार दिली तर ती चार बेकायदा, आणि देणाराही अडकतो. अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याचं कलम 30 आहेच. शिवाय परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो. फक्त महाराष्ट्र असेल तर सावनेर ओलांडून मध्य प्रदेशात शिरल्याक्षणी तुमचं कायदेशीर हत्यार बेकायदा होतं. छिंदवाड्याचं नाव काढलंत म्हणून सांगतोय.

आता स्वसंरक्षण. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44, पूर्वीच्या दंडविधानातली 96 ते 106. सराफासाठी त्यातलं महत्त्वाचं एवढंच. नुसती चोरी, म्हणजे पिशवी हिसकली आणि पळाला, यात समोरच्याचा जीव घेण्याचा हक्क नाही. जबरी चोरी असेल, शस्त्र दाखवून मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती घातली असेल, तर आहे. पण तोही ती भीती किंवा मारहाण चालू आहे तोवरच. चोर पाठ फिरवून पळत असताना पाठीत घातलेल्या गोळीचं समर्थन करायला मला बोलावलंत तर मी फी आधी घेईन.

गोळ्यांच्या संख्येचा इथे थेट संबंध येतो. पहिल्या गोळीला हल्ला थांबला असेल तर तिसरी का झाडली, हा प्रश्न येणारच. तुमच्या धंद्यातलाच दाखला आहे: अशा क्षणी माणसाने आपला प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलावा अशी अपेक्षा नाही, असं न्यायालयांनी पुन्हापुन्हा म्हटलंय. 2010 च्या दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडलीत, ती वाचा. काटा नसला तरी अंदाज मात्र मागतात.

नवा_गडी_77:
लायसनचा एवढा ताप असेल तर कट्टा कायले वाईट? स्वस्तात होते. एकच गोळी असते, मोजाचीबी झंझट नाही.

कोर्टकचेरी:
@नवा_गडी_77, 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं हत्यार बाळगल्याची शिक्षाच किमान दोन वर्षांपासून सुरू होते. झंझट मोजायला जेलर असतो.

कामठीकर:
आणि तो कट्टा बऱ्याचदा मागच्या बाजूने फुटतो. ज्याच्या हातात असतो त्याची बोटं जातात.

संपादक:
बेकायदा हत्यारांबद्दलचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील. विषय परवानाधारकांचा आहे.

तर्रीपोहा:
राजेहो, नवा गडी एका प्रतिसादात आला आणि एका प्रतिसादात गेला. सिंगल शॉट.

नेमबाज_ताई:
मी पिस्तुलाची स्पर्धक होते, आता रेंजवर शिकवते. परवाना मिळाल्यावर लोक शिकायला येतात तेव्हा त्यांच्या प्रश्नांत कॅलिबर, गोळ्या, होल्स्टर सगळं असतं, सराव नसतो. आपल्याकडची खरी अडचण तीच आहे. वर्षाला मिळणारी काडतुसं मोजकी, त्यामुळे माणूस ती जपून ठेवतो. आजोबांच्या काळातली काडतुसं कपाटात पितळी डब्यात, वर तेलाचा बोळा. तेल टोपीच्या कडेतून आत गेलं की दारू पेटत नाही. वरून नागपूरचा मे महिना. 46-47 अंश, कमरेला घाम, होल्स्टर चामड्याचं. पितळ हिरवं पडतं.

तर इतवारीकर, किती बाळगायच्या याआधी कोणत्या बाळगायच्या ते बघा. एक तर .32 म्हणून मागू नका, 'रिव्हॉल्व्हरची .32' असं सांगा. पिस्तुलाचं .32 काडतूस वेगळं आणि आखूड असतं, रिव्हॉल्व्हरचं लांब आणि पूर्ण कडेचं. काउंटरवर घाई असली की अदलाबदल होते. दुसरं, अंगावर बाळगलेली काडतुसं दरवर्षी रेंजवर झाडून संपवा आणि नवी भरा. म्हणजे सरावही होतो आणि जुना साठाही राहत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ घरातलं जुनं पाकीट घेऊन आले होते. त्यातली अर्धी नुसती 'टक' करायची. ते खिशात बारा घेऊन फिरत होते. हिशोब तुम्हीच करा.

खामगावची_सून:
ताई, खडकीच्या फॅक्टरीची काडतुसं म्हणजे ती मागे KF लिहिलेली का? सासऱ्यांच्या कपाटात तशी सापडली, परवाना त्यांचा होता, ते आता नाहीत.

नेमबाज_ताई:
हो, KF म्हणजे खडकी. पण परवानाधारक गेल्यावर ती घरात ठेवू नका. हत्यार असेल तर तेही. आजच पोलीस ठाण्यात कळवा, जमा करून पावती घ्या. वारसाचा अर्ज त्यानंतर निवांत करता येतो.

खामगावची_सून:
बाप रे. उद्या सकाळीच जाते. आम्ही ती देव्हाऱ्याशेजारच्या खणात ठेवलीत.

कॅज्युअल्टी_ड्यूटी:
नागपुरातल्या सरकारी रुग्णालयात शल्यचिकित्सक आहे. गोळी लागली की माणूस हवेत उडून मागे पडतो, हे फक्त पडद्यावर. पोटात गोळी घेऊन स्वतःच्या पायांनी चालत आलेले मी पाहिलेत. मेंदू किंवा मणका सोडला तर माणूस रक्त कमी होईपर्यंत चालतो, बोलतो, मारतोही. .32 तर तशी सौम्यच. त्यामुळे 'एक घातली की संपलं' या हिशोबाने कोणी संख्या ठरवत असेल तर तो हिशोब चुकीचा आहे. टेक्सासवाल्यांच्या बाजूने हा एक मुद्दा झाला.

विरुद्ध बाजूचाही सांगतो. आमच्याकडे येणाऱ्यांत ज्याच्यावर नेम होता तो नसतो, पाणीपुरी खाणारा असतो, असंही होतं. सौम्य .32 सुद्धा हुकली तर मांडीची धमनी फोडायला पुरेशी असते. ज्याला लागते त्याला सौम्य-तीव्र काही कळत नाही.

टेक्सासचा_वऱ्हाडी:
डॉक्टर, दोन्हीकडून मारलंत. मग काय करावं माणसाने?

कॅज्युअल्टी_ड्यूटी:
मला रक्ताची पिशवी किती ठेवायची ते विचारा, तिथे मी ठाम आहे.

कोर्टकचेरी:
डॉक्टरांनी पाणीपुरीवाला आणलाच आहे तर कलम 44 बघा, जुनं 106. जिवावरचा हल्ला परतवताना एखाद्या निरपराधाला धोका पोचवल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तर तो धोका पत्करायला कायदा मुभा देतो. पण 'शक्यच नसेल' हे सिद्ध करायला वर्षं जातात. तोवर हत्यार मुद्देमालात जमा असतं आणि धंदा भाऊ बघतो.

सीताबर्डी_लोकल:
मूळ प्रश्नावर एक वेगळं. इतवारीतल्या ज्या लुटीच्या बातम्या आपण वाचतो त्यात काय असतं? दुचाकीवर दोघं, हेल्मेट घातलेले. पिशवी ओढली आणि गल्लीतून पसार. शर्ट वर करून रिव्हॉल्व्हर काढेपर्यंत ते गांधीबागेत पोचलेले असतात. मग सहा काय आणि साठ काय?

टेक्सासचा_वऱ्हाडी:
यावर इथे एक जुना प्रयोग आहे. 1983 मध्ये सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी दाखवून दिलं की चाकूवाला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात प्रशिक्षित पोलीसही जेमतेम पिस्तूल काढून एक-दोन गोळ्या झाडतो. त्याचं पिस्तूल उघड्या होल्स्टरमध्ये असतं. झाकलेलं असेल तर अजून उशीर.

नेमबाज_ताई:
आणि आपल्याकडे झाकूनच न्यावं लागतं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेली हवी. ती मिरवायची नसते, लग्नात तर नाहीच. हर्षाच्या भरात हवेत गोळीबार केला तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तर्रीपोहा:
पण ताई, नागपुरात मे महिन्यात शर्टाच्या वर दुसरं काही घालणारा माणूस दिसला की लोक आपोआप बाजूला होतात. 'याच्याकडे घोडा आहे' हे उन्हावरूनच कळतं.

बुटीबोरी_पॅसेंजर:
हाहाहा. माझा एक दोस्त विमानतळावर अडकला होता त्याची गोष्ट. वडिलांची जुनी बॅग घेऊन निघाला, तळाच्या कप्प्यात एक काडतूस. एकच. एक्स-रेत दिसलं. विमान गेलं, पोलीस ठाणं, वकील, पुढे तारखा. खिशात, बॅगेत, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये 'असू दे दोन-चार' म्हणून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. जितक्या जास्त ठिकाणी गोळ्या, तितक्या विसरायच्या जागा.

कोर्टकचेरी:
अशा प्रकरणांत 'जाणीवपूर्वक ताबा' होता का हा मुद्दा असतो. सर्वोच्च न्यायालयाचा 1972 चा गुणवंतलाल निकाल त्यासाठी नेहमी पुढे केला जातो. सुटतात बरेच. पण सुटेपर्यंतचा वेळ कोणी परत देत नाही.

अंबाझरी_वॉकर:
अवांतर: आयुध निर्माणी मंडळ मोडून 2021 च्या ऑक्टोबरात सात कंपन्या केल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. सरकारी रिव्हॉल्व्हर मात्र कानपूरची. 2014 मध्ये बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा अर्धा किलो वजन आणि सव्वा लाखाच्या आसपास किंमत बघून लोकांनी हसं केलं होतं.

टेक्सासचा_वऱ्हाडी:
एवढ्यात इथे दोन-तीन चांगली पिस्तुलं येतात आणि वर गोळ्यांचे डबे. पण इतवारीकरांकडे विलायती आहे म्हणजे त्याची किंमत विचारूच नका. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती हत्यारांचे भाव सोन्यासारखे चढलेत.

मेहुणा_विरोधी_मंच:
आता कळलं मेहुण्याला एवढा रस का.

इतवारीकर:
मंडळी, दोन दिवस दुकानात गर्दी होती, आता सगळं सलग वाचलं. काही खुलासे. परवान्यावर एका वेळी 25 लिहिलंय. क्षेत्र फक्त महाराष्ट्र! हे मी पाहिलंच नव्हतं, बाबांनाही ठाऊक नव्हतं. छिंदवाड्याला बाबा कधी घेऊन जात नसत, त्याचं कारण आम्ही त्यांचा कंटाळा समजत होतो. ते म्हणाले, "मला वाटलं तिकडे गरज नाही."

रात्रीचं म्हणाल तर दुकान ते गाडी हे अंतर दोनशे-अडीचशे पावलांचं, गल्लीतून. तिथेच भीती वाटते. घरी तिजोरी आहे. सीताबर्डी_लोकल यांचा मुद्दा झोंबला, पण खरा आहे.

सीताबर्डी_लोकल:
मग त्या अडीचशे पावलांचाच विचार करा ना भाऊ. रोज एकाच वेळी, एकाच हातात, एकाच पिशवीतून माल का नेता? दुकानातच चांगली तिजोरी बसवा आणि माल रोज हलवणं बंद करा. ज्वेलर्स ब्लॉक विमा आहे का? त्यात वाहतुकीतला माल धरलाय का, आणि अंगावर नेताना किती रकमेपर्यंत, तो तक्ता उघडून बघा. चार सराफांनी मिळून एकाच वेळी दुकानं बंद करून सोबत निघालात तरी निम्मं काम होतं.

इतवारीकर:
विमा आहे. तक्ता बघितला नाही. बाकी सराफ एका वेळी दुकान बंद करतील, यापेक्षा मेहुणा माझं ऐकेल ही शक्यता जास्त.

खामगावची_सून:
दादा, एक विचारू? घरात मुलं आहेत का? रात्री घरी आल्यावर रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या कुठे जातात? अंगावर किती यावर नव्वद प्रतिसाद होतील, पण दिवसातले बावीस तास ते हत्यार अंगावर नसणार.

इतवारीकर:
दोन मुलं. सध्या तिजोरीतच, पण भरलेलं.

नेमबाज_ताई:
रिकामं करून ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या वेगळ्या माणसाकडे. आणि रिकामं करताना रोज एकाच जागी, एकाच पद्धतीने, भिंतीकडे तोंड करून, टीव्ही बंद असताना. रोज भरताना आणि रिकामं करताना मोजावंच लागतं, म्हणून तरी संख्या थोडी ठेवा. मला विचाराल तर रोजच्या अडीचशे पावलांसाठी सिलिंडरमध्ये आहेत तेवढ्याच. खिशातल्या सुट्या गोळ्या किल्ल्या-नाण्यांमध्ये खुळखुळतात, टोपीवर ओरखडे येतात, आणि एक दिवस धोब्याकडे जातात.

टेक्सासचा_वऱ्हाडी:
मी एवढंच म्हणेन, महाराष्ट्रातल्याच लांबच्या प्रवासाला, चंद्रपूर-अमरावतीकडे रात्री जात असाल, तर सहा कप्प्यांचा एक चामडी पाऊच कमरेला असू द्या. गल्लीत आणि हायवेवर मदत यायला लागणारा वेळ सारखा नसतो. याहून जास्त नको, हे टेक्सासात राहून लिहितोय, इथले मित्र मला वाळीत टाकतील.

कामठीकर:
यावर माझी हरकत नाही. नोंद घ्या, मी वऱ्हाड्याशी सहमत झालो.

तर्रीपोहा:
धाग्याचं काश्मीर झालंच नाही. पॉपकॉर्न वाया.

इतवारीकर:
ठीक. रोज सिलिंडरमध्ये आहेत तेवढ्या, पट्टा नाही. लांबच्या प्रवासाला पाऊचमध्ये सहा. छिंदवाड्याला हत्यारच नाही, क्षेत्र वाढवून मिळेल तेव्हा बघू. जुनी काडतुसं रेंजवर संपवतो, ताईंच्या बॅचला येतो. एकच राहिलं: पाच की सहा? माझ्या रिव्हॉल्व्हरला तो हॅमर ब्लॉक आहे की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

कामठीकर:
घरच्या घरी ओळखायचं नाही. विशेषतः मेहुण्याने पेन्सिल घालून दाखवतो म्हटलं तर अजिबात नाही. रिकामं करून परवानाधारक डीलरकडे न्या, त्याच्या कारागिराला बघू द्या. एवढं जुनं आहे तर सिलिंडर ढिलं झालंय का, लॉक नीट बसतंय का, तेही तपासून घ्या. आणि परवाना सोबत ठेवा. तोवर पाच.

इतवारीकर:
सोमवारी नेतो. बाबांना सांगितलं, तोवर पाच. ते म्हणाले, "मग नवीन काय विचारलंस एवढ्या लोकांना?"

खामगावची_सून:
जमा करून आले. पावती मिळाली. ठाण्यातले साहेब म्हणाले, किती होती? मी म्हटलं मोजली नाहीत. मग त्यांनी टेबलावर ओतून मोजली आणि तीन वेगळी काढली, ती पिस्तुलाची निघाली. आमच्याकडे पिस्तूल कधीच नव्हतं.

कोर्टकचेरी:
त्या तीनची पावतीत वेगळी नोंद आहे का बघा. नसेल तर आजच परत जा.